अबाशिरीचं वाळवण

मी सुकी मासळी खाते. बोंबील, जवळा, खारा बांगडा, जे मिळेल ते. माझं माहेर अलिबागच्या बाजूचं, तिथे हे कुणी मुद्दाम सांगतही नाही. ओजिमात आल्यावर मात्र मी ते हळू आवाजात सांगायला लागले, आणि पुढे तर सांगायचंच सोडलं.

ओजिमा हा टोकियोतला आमचा भाग. सरकारी इमारती, खाली सुपरमार्केट आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर पुण्या-मुंबईचं एखादं बिऱ्हाड. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीला नैवेद्याचे मोदक मी करायची. माझ्या हातच्या पाकळ्या नाजूक पडतात असं सगळे म्हणत, आणि मीही उगाच नाही-नाही करत नसे. मग एका वर्षी मंडळातल्या ज्येष्ठ काकू घरी आल्या. त्यांचे यजमान बँकेत, त्या इथे सगळ्यांच्या आधी आलेल्या, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"अगं, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "पण या वर्षी मोदक दुसरीकडे करू या. तुझ्या किचनला ना, ॲक्चुअली, वास असतो. एरवी काही प्रॉब्लेम नाही गं, पण नैवेद्याचं म्हणजे..."

आमच्या शेजारचे जपानी आजोबा रोज संध्याकाळी मासा भाजतात. त्याचा धूर आख्ख्या मजल्यावर फिरतो. त्याबद्दल काकूंची तक्रार नव्हती, त्यांना वास आला तो फक्त माझ्या जवळ्याचा. पण हे सगळं मला त्या गेल्यावर सुचलं. त्यांच्यासमोर मी "बरं काकू" म्हटलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सुक्याचे डबे रिकामे केले. पुढच्या वर्षी मोदक परत माझ्याकडे आले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची चीड मला अजून येते.

त्यानंतर नवऱ्याच्या कंपनीने त्याला अबाशिरीला पाठवलं. तिथल्या मासळीच्या शीतगृहांचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. अबाशिरी म्हणजे उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटाचा पार ईशान्येकडचा कोपरा, ओखोत्स्क समुद्राच्या काठावरचं शहर. हिवाळ्यात उत्तरेकडून बर्फाच्या लाद्या वाहत येतात आणि समुद्राचं पाणी दिसेनासं होतं. तू ओजिमातच राहा, असं सगळ्यांनी मला सांगितलं. तिकडे इंडियन स्टोअर नाही, म्हणे, आणि एकही मराठी माणूस नाही. हे दुसरं कारण ऐकल्यावर मी बॅगा भरायला घेतल्या.

अबाशिरीला पर्यटक येतात ते जुना तुरुंग बघायला. मेइजी काळात, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, इथल्या कैद्यांकडून जंगल तोडून रस्ता करून घेतला, त्यात माणसं मेली, आणि आता तिथे लोक हसत फोटो काढतात. मला त्यापेक्षा जुनी अबाशिरी आवडली. तिथे नदीच्या मुखाशी शिंपल्यांचा मोठा थर सापडला आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून होड्यांमधून आलेली माणसं तिथे राहायची. ती मासे आणि सील मारायची, आणि घरात अस्वलाच्या कवट्या मांडून त्यांची पूजा करायची. टेकडीवरच्या संग्रहालयात उत्तरेकडच्या लोकांनी माशाच्या कातडीचे शिवलेले बूट आहेत. एका भिंतीवर मोठा फोटो आहे, त्यात लाकडी मांडवावर मासे वाळत टाकलेत आणि खाली एक बाई हातात काठी घेऊन कुत्र्यांना हाकलते आहे. आमची आई अशीच काठी घेऊन बसायची, फक्त ती कावळे हाकलायची. मी त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिले. जे ओजिमात लपवायचं होतं ते इथे दिवे लावून मांडलं होतं. बाहेर पडले ती रागानेच, आणि येताना बाजारातून एक आख्खा साल्मन उचलला.

त्याच्या लांब पट्ट्या कापल्या, मीठ-हळद लावली आणि मागच्या ओसरीत टांगल्या. सकाळी बाहेर, ऊन उतरलं की आत. वाळवण सूर्य मावळायच्या आधी आत यायला हवं, नाहीतर दव धरतं, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. आत घर गरम ठेवायला रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला, त्याच्यासमोर मी ते पसरायची. चारसहा दिवसांत मासा बुळबुळीत झाला. ज्या घाणीसाठी मी बदनाम होते, ती या वेळी खरीच होती. नवऱ्याने खिडक्या उघडल्या.

कचऱ्याच्या दिवशी मी ती पिशवी ठेवायला गेले, तर शेजारच्या आजी तिथेच होत्या. त्यांचा नवरा मासेमारीच्या बोटीवर असायचा, तो गेल्यापासून त्या एकट्याच. त्यांना वास आलाच.

"साल्मन?" त्यांनी विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. माझ्या जपानीत ती सांगायला वेळ लागला, पण त्या थांबल्या.

"रात्री आत का घेता, ओक्सान?" त्या म्हणाल्या; ओक्सान म्हणजे आपलं वहिनी. "रात्रच तर वाळवते."

त्यांनी मला आपल्या घरामागे नेलं. छपराखाली साल्मनच्या पट्ट्या लटकत होत्या, खाऱ्या पाण्यातून काढलेल्या, रात्रंदिवस बाहेर. समुद्रावरचा गार, कोरडा वारा त्यांच्यातलं पाणी ओढून घेत होता. ऊन असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. एवढी वर्षं मला एकच पद्धत ठाऊक होती. पुढचा मासा मी ओसरीत टांगला आणि दार लावून घेतलं. तो वाळल्यावर मी अर्धा आजींना दिला आणि अर्ध्याचं आमसूल घालून कालवण केलं. आजी म्हणाल्या, वासावरून कळलं आज तुमच्याकडे जेवण चांगलं आहे.

तिथले तीन हिवाळे संपवून आम्ही ओजिमाला परतलो. बरोबर साल्मनचा मोठा डबा होता. गणपतीच्या आधी काकूंचा फोन आला.

"आलीस ते बरं झालं. मोदक तुझ्याकडेच हं. फक्त आधी आठवडाभर ते जरा... तुला कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं. "काकू, गणपतीच्या दिवशी आमच्याकडे कुणी मासे खात नाही, कधीच खाल्ले नाहीत. पण आठवडाभर आधी मी घर धुऊन पुसून परकं करणार नाही. माझे मोदक हवे असतील तर ते याच किचनमधून येतील. नको असतील तर तसं सांगा."

"तू फार बदललीस गं," काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

मोदक दुसरीकडे गेले. आरतीला जाऊ नकोस, उगाच अपमान कशाला, असं नवरा म्हणाला. पण गणपती काय एकट्या काकूंचा होता? मी ठेवणीतली साडी नेसले, आरतीला पुढे जाऊन काकूंच्या शेजारी उभी राहिले आणि आरती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली. मग प्रसाद आला. मोदक फुटले होते, सारण बाहेर आलं होतं. काकूंनी माझ्याकडे न बघता एक माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, आणि हात पुन्हा पुढे केला.

"काकू," मी म्हटलं, "अजून एक द्या."