सातव्या वर्षी घेतलेली एमएस्सी

"परत करून बघ."

कुणीही हौसेने प्रयोगाचा निकाल दाखवायला गेलं, की आमच्या लॅबमधली सगळ्यात सीनियर, जिला सगळे ताई म्हणत, ती मान वर न करता एवढंच म्हणायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. राग येतो त्यांचा, आणि तरी दाखवायला त्यांच्याकडेच जातो आपण.

अंधेरीतल्या आमच्या संशोधन संस्थेत एमएस्सी आणि पीएचडी एकत्रच. टिकलात तर पीएचडी, मधेच सोडलंत तर एमएस्सी घेऊन बाहेर. मी दुसऱ्या वर्षाला, थांबू की सोडू या घोळात. ताई सातव्या वर्षाला. प्रबंध फक्त बाइंडिंगला जायचा राहिला होता. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत तिची आई तिला आत्तापासूनच 'आमची डॉक्टर' म्हणायची.

"एमएस्सी घे नि सूट," ती मला सांगायची.

"आणि तू?"

"मी काय गं, पोचलेच आता."

एका दुपारी ती माझ्याशेजारी येऊन बसली. "वाट लागली. माझा जिवाणू तो नव्हताच."

"म्हणजे?"

"चार वर्षं ज्याच्यावर काम केलं, तो. सहज परत तपासला. पहिल्याच नळीत दुसरा मिसळला होता."

ती उठून आमच्या गाईड सरांकडे गेली. दार उघडंच होतं.

"कोण बघणार आहे?" सर म्हणाले. "प्रबंध दे. दुरुस्ती नंतर कर."

"मला माहितीय ना, सर."

"मग कर परत चार वर्षं."

"तेवढं बळ नाही उरलं. एमएस्सी द्या."

सर हसले. मलाही ती चेष्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज दिला.

पदवीदानाला तेवीस-चोवीसच्या पोरांच्या रांगेत एकतीस वर्षांची ताई उभी होती. तिची आई माझ्या शेजारी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माका सगळा ठावक आसा गो. पण पोरगी उभी आसा, टाळये वाजवूक नको?" आणि सगळ्यांच्या आधी वाजवायला लागली.

ताई आता मुलुंडला कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणतात. आमच्यापैकी कुणाचाच फोन ती घेत नाही.

मी थांबले. तिची जागा मला मिळाली, तिचा फ्रीझरही. पहिल्या दिवशी उघडला. शंभरेक नळ्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीवर बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं: 'चुकीचा. वापरू नये.' खाली तिची सही.

एकही नळी सोडली नव्हती तिने.