हरभऱ्यातली हरणं

जनावरं बघायला जीपनं जायचं असतं, हे मला त्या जर्मन पोरीमुळं कळलं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावात एक संस्था डोंगराच्या उतारावर चर खोदत होती आणि त्या कामाला परदेशातून पोरं यायची. इतक्या लांबून फुकट राबायला कोणी येतं, याचं मला हसू यायचं. त्यांतली ही एक दोन महिने आमच्या घरी राहिली. पहिल्याच आठवड्यात तिच्या तळहातांना फोड आले, तरी तिनं कुदळ सोडली नाही. म्हणून मला ती आवडली. मला ती मावशी म्हणायची.

तिला एकच गोष्ट हवी होती, काळवीट. तिच्या घरी म्हातारा बाप होता. त्यानं आपला कॅमेरा देऊन सांगितलं होतं, पिळाच्या शिंगांचा तो काळा नर मला फोटोत दाखव. दोन महिने कॅमेरा गळ्यात, पण काळवीट काही दिसेना. परत जायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या माणसानं जीप काढली, रेहेकुरीच्या अभयारण्यात नेतो म्हणाला. पोरीनं मलाही ओढून बसवलं.

जीप फाटकाशीच थांबली. गार्डनं आम्हाला पायी आत नेलं, एका बाभळीमागं बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. बराच वेळ काही नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग गवतातून माद्या पुढं आल्या आणि त्यांच्यामागं तो, काळा कुळकुळीत, पोट तेवढं पांढरं. पोरीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि मी उठून ओरडले. "हाऽऽ! ह्याऽऽ!" दोन्ही हात वर करून, होता नव्हता तेवढा जोर लावून.

मी ठरवून केलं नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, ती पिकाच्या राखणीलाच बसले. हरीण दिसलं की ओरडायचं, एवढंच अंगाला माहीत. कळप उड्या मारत दिसेनासा झाला.

गार्ड म्हणाला, "बाई, ही काय तुमची ज्वारी हाय व्हय?"

संस्थेचा माणूस हसून हसून बेजार. पोरगी हसली नाही, रागावलीही नाही. "चालेल, मावशी," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवस मावळेपर्यंत थांबलो, पण कळप परत आला नाही.

येताना जीपमध्ये डोक्यात आलं. आमच्या हरभऱ्यावर रोज पहाटे हरणं येतात. आमचे मालक पत्र्याचा डबा बडवून त्यांना हाकलतात, आणि ही पोरगी उठते तोवर रान मोकळं झालेलं असतं. आम्हाला ती हरणं म्हणजे ताप. ती कुणाला दाखवावीत, हे कधी मनातच आलं नव्हतं.

घरी आल्या आल्या मालकांना सांगितलं, "उद्या डबा वाजवायचा न्हाई."

"का? घाट्यात आल्याला हरभरा चारायचा व्हय?"

"चारायचा. चूक माजी हाय."

"चूक तुजी आन पीक माजं?"

"खुरपलं कुनी? अर्धं माजं हाय. माज्या अर्ध्यातलं खाऊ द्या."

"मंग हरनांना बांध दावून ये, कुटवर तुजं हाय ते."

पहाटे आम्ही तिघं बांधाआड बसलो. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. उजाडलं तसा कळप आत शिरला. काळा नर आमच्यापासून बैलगाडीच्या लांबीवर आला आणि घाटे ओरबाडू लागला. पोरीनं फोटो काढला, मग आणखी एक. मग कॅमेरा खाली केला आणि नुसती बघत राहिली. मला घाटे तुटल्याचा आवाज ऐकू येत होता. मी पदर आणखी घट्ट चावला.

तेवढ्यात तीच उठली. दोन्ही हात वर. "हाऽऽ! ह्याऽऽ!" माझीच हाळी, माझ्यासारखीच लांबवलेली. कळप उधळला.

"मावशी, तुमचा हरभरा!" माझ्याकडं वळून ती म्हणाली.

मालक हसत खालीच बसले. "हिला ठिवून घेऊ राखनीला," ते म्हणाले, "आन तू जा तिच्या गावाला."

दहाच्या एसटीत तिला बसवलं. हरणांनी ठेवला होता त्यातला हरभरा उपटून पिशवीभर ढाळे दिले आणि म्हटलं, बापाला दे. तिकडं पोचेपर्यंत वाळले असतील.