गच्चीवरचा फोटोचा धडा

समोरच्या गच्चीवर शेजारचे काका नवा कॅमेरा घेऊन काकूंचा फोटो काढत होते. कठड्यावर मोबाईल टेकवलेला होता आणि त्यातल्या व्हिडिओत कुणीतरी फोटोग्राफी शिकवत होतं.

"चेहऱ्यावर उजेड बाजूनं येऊ द्या," मोबाईल म्हणाला.

"ऐकलंस ना? जरा उन्हाकडे वळ," काका म्हणाले. काकू वळल्या, पदर सारखा केला आणि पासपोर्टच्या फोटोला बसावं तशा ताठ उभ्या राहिल्या.

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. नेटवरचा हा मास्तर कितीदाही विचारा, वैतागत नाही. या वयात आपल्या बायकोकडे नीट कसं बघावं, हेही तो शांतपणे समजावून सांगतो.

पुढचं काही काकांना कळलं नसावं. व्हिडिओ मागे घेऊन ते मोबाईलवर वाकले. तेवढ्यात काकू सैल झाल्या. शेजारी वाळत घातलेल्या कुरडईचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि स्वतःशीच हसल्या. ऊन नेमकं गालावर आलं होतं. 'काका, आत्ता!' असं ओरडावंसं वाटलं मला.

"हं, आलं लक्षात," म्हणत काकांनी मान वर केली.

काकू पुन्हा ताठ उभ्या होत्या, कुरडईचा तुकडा न चावता गालात तसाच धरून.