खेळातल्या दारामागची कुजबुज

ऑफिसात त्याला सगळे खुडबुड्या म्हणत. तोंडावर म्हणत आणि तो ओही देई, त्यामुळे त्यात अपमान असा काही उरला नव्हता. पन्नाशीला टेकलेला माणूस, दाढी आठवड्याची, आणि खिशात कायम काहीतरी वाजणारं: किल्ल्या, बाटल्यांची झाकणं, एखादा गंजका स्क्रू. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत त्याचं काम आवाज करण्याचं होतं. आवाज करायचा पगार मिळतो म्हटल्यावर नातेवाईक हसायचे. पण गेममधला माणूस पडद्यावर कितीही उड्या मारू दे, तो जन्माचा मुका असतो. त्याचं पाऊल वाजत नाही, तलवार वाजत नाही, अंगावर दरड कोसळली तरी हूं की चूं करत नाही. ते सगळं कुणीतरी बाहेरून आणून चिकटवावं लागतं, आणि तो कुणीतरी म्हणजे खुडबुड्या.

यातल्या आतल्या गोष्टी खेळणाऱ्यांना कळल्या तर निम्म्यांची भीती पळून जाईल. ज्या राक्षसाच्या श्वासाला घाबरून पोरं हेडफोन काढून ठेवत, तो श्वास म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळलेला सायकलचा पंप. अजगराचं सरपटणं म्हणजे फरशीवरून ओढलेला जुना रेनकोट. राजाचा मुकुट पायऱ्यांवरून गडगडत खाली येतो, ते साखरेच्या डब्याचं झाकण. आणि शत्रूच्या किल्ल्यात एकटी घुसणारी ती विशीतली तलवारवाली नायिका, तिची पावलं होती खुडबुड्याच्या आईची.

ऑफिसच्या स्टुडिओत एसीची घरघर काही केल्या थांबत नसे, म्हणून तो बारीक आवाज घरी टिपायचा. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. तो आणि आई. लग्न त्याने केलं नाही, का केलं नाही ते विचारणारेही आता थकले होते. नायिकेच्या पावलांसाठी त्याने आधी स्वतः चालून पाहिलं, ते हमालासारखं वाजलं. मग आईला म्हणाला, तू चाल. आईचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे एक पाऊल हलकं आणि एक जरा दाबून पडायचं. ऑफिसातल्या मॅडम, म्हणजे त्या गेमच्या प्रमुख, ते ऐकून खूश झाल्या. मुलगी जखमी आहे तरी थांबत नाही असं वाटतं, म्हणाल्या, हेच ठेवा.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"तिला म्हणावं, जिने जरा कमी चढ. गुडघे माझे आहेत."

आईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे. शेजारच्या बाईंच्या जावयापासून नळाच्या गळतीपर्यंत सगळं एका दमात व्हायचं. फक्त मुलाने तळहात वर केला की तिला गप्प बसावं लागे, कारण मायक्रोफोन चालू असे. मग ती स्टुलावर शाळेतल्यासारखी हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसायची. काम आटपलं की अर्धवट सोडलेलं वाक्य बरोबर तिथूनच पुढे चालू. कधीकधी तिला धीर निघत नसे आणि आवाजाच्या शेपटाला तिचं बोलणं लागायचं. ते खुडबुड्या कापून टाकी. त्याच्या धंद्यात याला साफ करणं म्हणतात: हवा तेवढा आवाज ठेवायचा आणि आजूबाजूचा कचरा काढायचा. तो या बाबतीत फार काटेकोर होता. कापलेला तुकडा त्याने कधी जपून ठेवला नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथून ती परत आलीच नाही. धाकटी बहीण दुसऱ्या गावात संसाराला लागलेली. तिला तो लहानपणापासून छोटी म्हणत आला होता, आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी छोटीच. दिवस उरकून ती परत गेली, आणि काही महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला.

"दादा, एक मागू का? आईचा आवाज पाठव ना मला."

"कसला आवाज?"

"कसलाही. काहीतरी बोललेलं. मला तिचा चेहरा आठवतो, पण आवाज आठवायला गेले की माझाच ऐकू येतो. माझ्याकडे काहीच नाही. ती कधी फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची नाही, लग्नाच्या व्हिडिओवर सगळं संगीत चढवलंय. तुझं तर आयुष्य आवाजात गेलंय. तुझ्याकडे ढीगभर असेल."

"असेल की. बघतो," तो म्हणाला.

त्याला खरंच वाटलं होतं, असेल. तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि एकेक काढून ऐकू लागला. आई लाकडावर चालतेय. आई रेतीवर चालतेय, म्हणजे ताटात पसरलेल्या मिठावर. आई कपात चमचा ढवळतेय. आई चादर झटकतेय. तो आवाज गेममध्ये जहाजाच्या शिडाचा झाला होता. स्टूल सरकल्याचा आवाज, आणि ते आईच्या वजनाने सरकलंय हेही त्याला कळत होतं. सगळं स्वच्छ आणि रेखीव होतं, आणि त्यात आईचा चकार शब्द नव्हता. एवढ्या वर्षांत त्याने तिला इतकी नीट काढून टाकली होती की चुकूनही कुठे राहिली नव्हती. स्वतःच्या कामाचा अभिमान असलेला माणूस तो, पण त्या दिवशी त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

छोटीचे फोन येत राहिले. तो म्हणायचा शोधतोय, जुन्या डिस्क आहेत, वेळ लागेल. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं, आणि ते त्याला जास्त लागलं.

अशात गेमवाल्या पोरांमध्ये एक बातमी पसरली. गेममधल्या गुपितांचे व्हिडिओ करणारा एक जण होता. कुठल्या भिंतीमागे खोली आहे, कुठल्या तसबिरीत कुणाचा चेहरा लपवलाय, असलं काहीबाही शोधून तो पोट भरायचा. त्याला तलवारवालीच्या गेममधल्या शेवटच्या गावात एका ओसाड घरात काहीतरी सापडलं होतं. त्या घरात शिरून दार लावायचं, आवाज पूर्ण मोठा करायचा आणि जागचं हलायचं नाही. दाराची करकर विरत आली की एक बाई कुजबुजते. इतर ठिकाणी हेच दार वाजतं तेव्हा वर संगीत असतं, म्हणून कुणाला कळलं नाही. त्या घरात मात्र संगीत नव्हतं. झालं, लोकांनी राईचा पर्वत केला. कुणी म्हणे ती नायिकेची मेलेली आई, कुणी म्हणे पुढच्या भागाची खूण. गेम बनवणाऱ्यांनी किती विचारपूर्वक हे पेरलंय म्हणून कंपनीचं कौतुकही झालं.

मॅडमनी खुडबुड्याला बोलावलं.

"हे आपण टाकलंय का?"

"नाही."

"मग चुकून राहिलंय. कायद्याचा विभाग मागे लागलाय, कुणाचा आवाज, परवानगी आहे का. पुढच्या अपडेटमध्ये दार साफ करून द्या. तुमच्याकडून असं होत नाही खरं तर."

तो मान हलवून जागेवर आला. ते दार म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार होतं. कसं राहिलं असेल हेही त्याला ठाऊक होतं. त्याला अलीकडे एका कानाने कमी ऐकू येत होतं आणि ही गोष्ट त्याने ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती. बारीक आवाज त्याच्या हातून निसटू लागले होते. त्याने हेडफोन लावले, दाराची करकर खाली दाबली, मागचं वर उचललं आणि ऐकलं.

आई होती. दबक्या आवाजात, वर्गात बाईंना विचारावं तशी, ती म्हणत होती, "बोलू का आता?"

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ खिशातल्या किल्ल्या हातात धरून बसला. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, कान दुखतोय. मग गच्चीवर जाऊन त्याने छोटीला फोन केला आणि सापडलं एवढंच सांगितलं. ती म्हणाली, पाठवू नकोस, मी येते, तिथेच ऐकते.

रविवारी सकाळी ती आली. चहा नको म्हणाली. आईच्या स्टुलावर बसली आणि त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज सुरू झाला तेव्हा तिचा चेहरा उजळला, अगदी लहानपणी उजळायचा तसा, आणि खुडबुड्याला वाटलं, चला, आपण एकदा तरी कुणाला हवं ते दिलं. तिने परत लाव म्हणून खूण केली. त्याने परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग तिने हेडफोन गळ्यात ओढले.

"पुढे काय म्हणाली?"

"पुढचं नाहीये."

"म्हणजे? ती बोलली नाही पुढे?"

"बोलली असेल. बोललीच असणार. ते मी कापलं."

"का?"

"दाराचा आवाज तिथे संपला होता," तो म्हणाला.

छोटी स्टुलावरच त्याच्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तू तिथेच होतास ना? तू तर ऐकलं असशील."

"आठवत नाही गं. तेव्हा माझं लक्ष दाराकडे होतं."

ती उठली. हेडफोनची वायर नीट गुंडाळून तिने टेबलावर ठेवली, आईची सवय होती तशी.

"दादा, हे मला पाठवू नकोस. एवढंच असेल तर नको. माझ्या फोनमधून ती रोज विचारणार, आणि मी काय सांगू तिला?"

तो तिला खालपर्यंत सोडायला गेला. तिची बस सुटल्यावर तो वर आला आणि आवाज साफ करायला बसला, कारण सोमवारी द्यायचं होतं. काम चोख झालं. करकर विरते तिथे आता निव्वळ शांतता होती. मॅडमनी एकदा ऐकलं आणि उत्तम म्हणाल्या. गुपितांचे व्हिडिओ करणाऱ्याने कुजबुज गेल्याचा आणखी एक व्हिडिओ केला, लोक थोडे दिवस हळहळले आणि दुसऱ्या कुठल्याशा भिंतीमागे शोधू लागले.

कॉम्प्युटरवर तो तुकडा अजून आहे. खुडबुड्याने नंतर तो लावला नाही. पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्याच्या डोक्यात तेच चालू असतं. त्या दिवशी आईने परवानगी मागितली आणि मग ती काय बोलली? मोठं काही नसणारच. दूध संपलंय, नाहीतर शेजारच्या जावयाला नोकरी लागली. जे काही असेल ते तिने त्याच्याकडे बघून सांगितलं होतं, आणि ते ऐकलेला माणूस जगात तो एकटाच होता.