उसाला जास्त झालेलं पाणी

मंडळी, आज सकाळी शेजारच्या रानातले भावजी माझा पिवळा पडलेला ऊस बघून थांबले.

"वहिनी, मागच्या आठवड्यात युरिया टाकलासा न्हवं?"

"व्हय की. तरीबी पिवळाच हाय."

सरीतल्या चिखलात त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. "एवढं पाणी पाजल्यावर खतातलं नत्र मुळांच्या खाली वाहून जातंय. ऊस खाणार काय? मोटर लवकर का बंद करत न्हाईसा?"

मी खाली वाकून सरीतलं तण उपटायला लागले.

आमचे मालक वारल्यापासून घरी बोलायला कुणी न्हाय. पाणी चालू असलं की रानात बसून राहता येतं.

आज मोटर दुपारीच बंद केली. आता घरी उंबऱ्यात बसून हे लिहितेय. अजून दिवस मावळायचाय. एकटी माणसं हा वेळ कसा काढतात, सांगा की.