राकेशने झेंडू बंद केला

राकेश सातपूरच्या कारखान्यात लेथवर होता, पण जीव त्याचा स्वतः चालवत असलेल्या 'नाशिक फुलबाजार' या चॅनेलवर. तो चॅनेल अशा नेटवर्कवर होता जिथे कंपनी नाही, मालक नाही. ज्याने त्याने आपला सर्व्हर चालवायचा आणि एकमेकांशी जोडून घ्यायचं. हे स्वातंत्र्य तो जेवणाच्या सुट्टीत इतक्यांदा समजवायचा, की लोक डबा घेऊन दुसऱ्या शेडमध्ये बसू लागले.

चॅनेलवर झटपट कर्जवाल्यांचा सुळसुळाट होता. राकेश त्यांना हुडकून हाकलायचा. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी एकाच खात्यावरून तासाभरात अकरा वेळा 'झेंडू हाय' आलं, दरवेळी नवा फोन नंबर. टोळीच ही. त्याने खातं बंद केलं आणि पक्क्या स्पॅमरांच्या यादीत घातलं. त्याची यादी आणखी चाळीस सर्व्हर डोळे झाकून उचलायचे आणि तिथूनही ते खातं गायब व्हायचं, याचा त्याला कोण अभिमान!

दुसऱ्या दिवशी कुसाबाई कारखान्याच्या गेटवर उभी. चॅनेलवर राकेशने स्वतःच्या फोटोसकट कारखान्याचा पत्ता छापला होताच. तिच्या वस्तीवरच्या अकरा घरांनी मिळून एकच खातं काढलं होतं. पासवर्ड मारुतीच्या भिंतीवर खडूने लिहिलेला. ज्याची फुलं तोडून झाली, त्याने आपला नंबर टाकायचा. मशीनच्या पूजेला वर्कशॉपवाले तिथूनच फुलं मागवत. यंदा एकही फोन नाही.

"फुलं तोडून ठेवलीत, भाऊ. दसऱ्यानंतर त्यांना कोण इचारतं?"

राकेशने आपली बंदी तिथेच उठवली आणि बाकीच्या चाळीस सर्व्हरवाल्यांना अर्ज धाडले. एकाने कळवलं, समिती रविवारी बसते. दुसऱ्याने अकरा माणसं खरी असल्याचा पुरावा मागितला. तिसऱ्याने राकेशलाच स्पॅमर ठरवलं, कारण एकच अर्ज त्याने चाळीस ठिकाणी चिकटवला होता.

"तुमच्या वरच्या सायबाला सांगा ना."

"वर कोणीच नाही, मावशी."

"मंग खाली किती हायेत?"

"चाळीस."

कुसाबाईने पदर खोचला आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून राकेशने तिला सर्व्हरांचा नाद सोडून सरळ वर्कशॉपांच्या दारोदार फिरवलं. प्रत्येक वर्कशॉपात अकरा नंबर सांगण्याचा तिला कंटाळा आला, म्हणून तिने सरळ राकेशचाच देऊन टाकला. संध्याकाळपर्यंत अकराही घरांची फुलं गेली.

दसरा होऊन गेला, तरी राकेशचा फोन वाजतोच आहे. लेथ थांबवून तो अदबीने सांगतो, "झेंडू संपला, शेवंती आहे."