आमच्या वर्गातले नवरे

आमच्या दहावीच्या वर्गात मुलं होती तशा मुलीही होत्या. आज त्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात मुलींच्या जागी त्यांचे नवरे आहेत. गंमत म्हणून नाही सांगत, डोकं फिरतं म्हणून सांगते.

झालं असं, की वर्गातल्या एकाने ग्रुप काढायचं मनावर घेतलं. आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, परंदवडीच्या बाजूला प्लॉटिंगचा धंदा करतो. मुलगे शोधायला त्याला त्रास पडला नाही. ते जिथल्या तिथेच होते, कार्ल्यात, मळवलीत, कामशेतात. मुली मात्र लग्न होऊन आडनावासकट गायब. मग त्याने आमच्या भावांना गाठलं. भावांनी मेहुण्यांचे नंबर दिले आणि ॲडमिनने ते मेहुणे जसेच्या तसे वर्गात आणून बसवले. ज्यांचा नवरा राहिला नाही, किंवा ज्याच्याकडे साधाच फोन आहे, त्यांच्या मुलाचा नंबर, एकीचा तर चक्क जावई. बायकांचे नंबर असे चारचौघांत वाटायचे नसतात ही आमच्याकडची पद्धत, त्यामुळे कुणाला यात काही वावगं वाटलं नाही.

माझा नवरा तर तिथे पुरता रमला. तळेगावच्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस, त्याला वेळ घालवायला काहीतरी हवंच होतं. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. दिवसभर पर्यटकांच्या चादरी आणि टॉवेल, आणि ड्युटीवर फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी घरी यावं, भाकरी थापायला बसावं, तर हा स्टूलावर बसून मला माझ्याच वर्गाच्या बातम्या देणार. तुमच्यातल्या त्या उंच मुलाची अँजिओप्लास्टी झाली. तुमच्यातल्या त्या घाऱ्याच्या पोराला हिंजवडीत नोकरी लागली. मी कधी कधी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. अहो, वर्ग माझा आणि शुगर कुणाची किती ते तुम्हाला ठाऊक!

एका सुट्टीच्या दिवशी मी त्याचा फोन घेतला आणि ग्रुप सुरुवातीपासून वाचून काढला. पुरुषांची आजारपणं तिथे मेडल मिळाल्यासारखी येतात. कुणाला किती स्टेंट, कुठल्या डॉक्टरने घातले, आयसीयूतला फोटो, अंगठा वर केलेला. बायकांच्या तब्येतीचं मात्र एकच वाक्य. सौ. बऱ्या आहेत, आणि पुढे जोडलेले हात. सगळ्याच्या सगळ्या बऱ्या. पंचावन्नाव्या वर्षी आमच्यातल्या एकीचाही गुडघा दुखत नाही, हे वाचून मला हसू आलं आणि मग राग आला.

मी ॲडमिनला फोन केला. माझा नंबर घाल म्हटलं. तो गुळमुळीत बोलायला लागला. ताई, तसं काही नाही, पण मग सगळ्याच मागतील, कुणाच्या घरी वाद व्हायला नकोत, आणि साहेब आहेतच की ग्रुपवर.

"का रे, दहावीचा पेपर साहेबांनी लिहिला होता का?" मी विचारलं.

त्याच संध्याकाळी माझा नंबर पडला. नवऱ्याला काढणार होते, तर त्याने तोंड बारीक केलं. राहू दे ना मला, म्हणाला, ओळखी झाल्यात. राहू दिलं. त्यामुळे वर्गात आम्ही नवराबायको दोघं आहोत, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त शुभेच्छा येतात.

मग श्रावणात एक फोटो आला. माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा. ही मैत्रीण वरच्या वाडीतली, रोज डोंगर उतरून शाळेत यायची. लग्न होऊन कान्ह्याला गेली, तिथे थोडी भातशेती आणि नवरा कंपनीत कंत्राटी कामाला. मुलीची सोयरीक ग्रुपमधूनच जुळलेली, नवरा मुलगा आमच्याच वर्गातल्या एकाचा पुतण्या. शाळेत ज्याच्याशी ती एक अक्षर बोलली नाही, तो आता तिला विहीणबाई म्हणत होता. फोटोखाली अभिनंदनांचा पाऊस. माझी नजर मात्र तिच्या ब्लाउजवर गेली. कापडात आयुष्य गेलंय माझं. खांदा उतरलेला, बाही लोंबत होती, आणि डावा हात तिने अंगापासून जरासा लांब धरला होता. नव्या साडीवर असं ढगळ ब्लाउज कुणी शिवून घेत नाही. ते शिवून झाल्यावर बाई वाळली होती.

मी ग्रुपवर लिहिलं, अगं, इतकी का वाळलीस? ॲडमिनने ते लगेच पुसून टाकलं. वर मला फोन, की शुभकार्यात असं विचारू नये, ग्रुप फक्त चांगल्या बातम्यांसाठी आहे. मी फोन ठेवून दिला, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही.

नवरा म्हणाला, कशाला जीवाला लावून घेतेस, ती छान आहे, कालच विचारलं मी. तुम्ही विचारलंत? हो, म्हणाला, तुझ्या वतीने विचारत असतो अधूनमधून. आणि त्याने मला फोन दाखवला. कितीतरी महिन्यांच्या गप्पा. कशी आहेस गं? मी मजेत, तू कशी? आज पुरणपोळ्या केल्या. अरे वा, आमच्याकडे पण! मी वाचत गेले आणि मला कळेना हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा. एक तर ती बाई जन्मात कधी 'मजेत' म्हणाली नाही. 'हाय बरी' एवढंच म्हणते. दुसरं म्हणजे ग्रुपवर तिच्या नावापुढे नंबर आहे तो तिच्या पोराचा. म्हणजे साठी उलटलेला माझा नवरा आणि ते पंचवीस वर्षांचं पोरगं, दोघं एकमेकांना 'अगं' म्हणत आमची मैत्री टिकवत होते.

रविवारी मी स्कूटी काढली. नवरा आपणहून मागे बसला. मी जुन्या हायवेने निघाले, कार्ला फाटा गेला, कामशेत गेलं, पण नंबर पोराचा आहे हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही. कान्ह्याचं फाटक ओलांडून तिच्या दारात गाडी लावली, तर ओटीवर पोरगंच बसलेलं. माझ्या नवऱ्याने स्वतःची ओळख सांगितली, आणि दोघांना एकदमच कळलं आपण कुणाशी बोलत होतो ते. पोरगं कानापर्यंत लाल झालं. माझा नवरा उगाचच चप्पल काढून परत घालू लागला. त्या दोघांना तिथेच सोडून मी आत गेले.

ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मला बघून उठायला लागली, तर कळ येऊन विव्हळली. तिचा नवरा कोपऱ्यात होता. माझ्याकडे पाहिलं आणि त्याने मान खाली घातली, तेव्हाच मी काय ते समजले. मी दार लोटलं आणि तिला म्हटलं, दाखव.

डाव्या छातीत गाठ होती. उन्हाळ्यापासून होती. नवऱ्याला माहीत होतं, पोराला अर्धवट माहीत होतं, मुलीला काहीच नाही. कुणीतरी दिलेला लेप लावत होती. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न धरलंय, ते पार पडलं की दवाखाना, असं दोघांनी ठरवलेलं. का, तर आईला असलं दुखणं आहे म्हटल्यावर मुलीलाही होईल, असं सोयरे म्हणणार. लग्न मोडलं तर मुलीच्या कपाळी तो शिक्का कायमचा.

मी तिला नाही नाही ते बोलले. लेप कसला लावतेस, अक्कल गहाण ठेवलीस का, इथपर्यंत बोलले. ती शांतपणे तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, "तुज्या पोरीचं लगीन झालंय. माज्या पोरीचं व्हायचंय."

मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो. "आणि तोवर तू गेलीस तर?" मी म्हटलं. "तेव्हाही तुझा पोरगा ग्रुपवर लिहील, मी मजेत आहे गं."

तिचा हात थांबला. "मजेत हाय असं कोन म्हनलं?"

तिला काहीच माहीत नव्हतं. ग्रुप आहे एवढं माहीत होतं, पोरगा कधीतरी फोटो दाखवायचा. पण आपल्या नावाने कुणी बोलतंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वाचून दाखव म्हणाली. मी नवऱ्याचा फोन आत आणला आणि वाचलं. पुरणपोळ्यांचं वाचलं. मी एकदम ठणठणीत आहे, हे वाचलं. आळंदीला जाऊन आले, खूप छान वाटलं, हेही वाचलं. पहिल्यांदा ती हसली. मग हसणं थांबलं. त्या आळंदीच्या दिवशी ती तापाने फणफणून याच जागी पडली होती.

"मी हितं मरतीय आन् तितं पुरनपोळ्या खाती व्हय," ती म्हणाली.

आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. हाताला पीठ तसंच. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. आईजवळ येऊन बसली. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, झाकून ठेवलंय ते चार दिवस झाकलेलं राहू द्या, हात जोडतो. वाईट माणूस नव्हे तो, घाबरलेला माणूस. पण मुलीने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. "आई, तुला काय बोलायचंय ते बोल," म्हणाली. "माझ्या नावावर गप नको बसू."

मग मैत्रिणीने माझा फोन मागितला. बोलायला कुठे दाबायचं विचारलं. मी तिला दोनदा सांगितलं, की ग्रुपवर बोललीस म्हणजे नवऱ्या मुलाच्या काकाने ऐकलं, आणि काकाने ऐकलं म्हणजे सगळ्या सोयऱ्यांनी ऐकलं. म्हणाली, म्हनूनच.

"मी बोलतीय," तिने सांगितलं. "माजं मी बोलतीय, पोरगं न्हाई. माज्या छातीत गाठ हाय. उन्हाळ्यापासून हाय. उद्या मी दवाखान्यात जानार. ज्येला लगीन मोडायचं आसंल त्येनं आजच मोडावं, मांडव घातल्यावर नगं."

फोन माझ्या हातात देऊन ती परत तांदळाला लागली.

पहिला फोन त्या काकाचा. विहीणबाईंना द्या म्हणाला. अजून वेळ आहे, सगळ्यांसाठी डिलीट करता येतं, मी ऐकलंच नाही असं समजतो, असं त्याचं म्हणणं. त्याला खरंच वाटत होतं की तो उपकार करतोय. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई भाऊ. ऐकलंस तर ऐकलंस. आता तुज्या तोंडानं समद्यांना सांग."

मग ग्रुपवर एका नवऱ्याच्या नंबरवरून बाईचा आवाज आला. शाळेत प्रार्थना सांगणारी, तोच किनरा आवाज. म्हणाली, माझी गर्भपिशवी काढली गेल्या वर्षी, इथे पित्ताचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. थोड्या वेळाने दुसरी. मला झोपेच्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला बोलू देत नाहीत. मागे एक पुरुष फोन दे, फोन दे म्हणत होता, तेही ऐकू येत होतं. आम्ही ओटीवर बसून ऐकत होतो, पोरगं, माझा नवरा, सगळे. ॲडमिनने मध्येच नियम टाकला, फक्त चांगल्या बातम्या. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. अंधार पडायच्या आत त्याने मला वेगळा फोन करून विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेताय, गाडी पाठवू का. पाठव म्हटलं.

लग्नाचं सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मोडलं नाही. आठ दिवस सोयऱ्यांकडून हूं की चूं नाही. मग नवरा मुलगा एकटाच आला, काकाला न विचारता, आणि होणाऱ्या सासूला भेटून गेला. तिची औषधं अजून चालू आहेत. पुढचं पुढे.

मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं. तळेगावला डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही घुसलो, ती, तिचा नवरा, पोरगा आणि मी. डॉक्टरबाईंनी पेन उघडलं, कागदाकडे बघत विचारलं, कधीपासून त्रास आहे. नवऱ्याने घसा साफ केला. त्याच वेळी पोरगा बोलायला लागला, मॅडम, आईला ना. आणि मी, एवढी शहाणी, माझंही तोंड उघडलेलं होतं.

तिने हात वर केला. "गप बसा समदी," म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "गाठ मला झालीय. मला इचारा."